गाडीचं खाणं आणि जिन्याचं मीटर

गाडी घरी आली तेव्हा ती खाणार काय, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. लोक मांजर पाळतात तेव्हासुद्धा आधी दुधाची सोय बघतात. आमच्या यांनी रंग बघितला, डिकी बघितली, पुढच्या सीटवर पाय लांब करून बसता येतं का ते बघितलं आणि विजेवर चालणारी गाडी आणून इमारतीच्या आवारात उभी केली. शोरूममधल्या मुलीने जाता जाता विचारलं होतं, "काका, घरी चार्जरची सोय आहे ना?" त्यावर हे म्हणाले, "घरी वीज आहे." हे उत्तर त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की घर येईपर्यंत त्यांनी ते मला तीनदा ऐकवलं.

हे मोजणी खात्यातून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आता घरातलं मोजतात. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपासून खाली गाडीच्या तोंडापर्यंतचं अंतर त्यांनी फीत सोडून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेगळं आलं. मग सरासरी काढून तेवढी जाड वायर आणली. ती हातभर कमी पडली, म्हणून गाडी हातभर पुढे घेतली.

आता वायर लावायची कुठे? मोठं सॉकेट घरात तीनच ठिकाणी होतं. एक गिझरचं, एक स्वयंपाकघरातलं आणि एक गॅलरीला लागून असलेल्या माझ्या प्रार्थनेच्या खोलीतलं. ती खोली म्हणजे जिन्याच्या भिंतीला टेकलेली अडगळीची जागा होती. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही ती साफ करून घेतली, तिथे देवापुढे चोवीस तास जळणारा छोटा विजेचा दिवा बसवला आणि थंडीत माझे गुडघे आखडतात म्हणून हीटरसाठी मोठं सॉकेटही काढून घेतलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, आणि नेमकं तेच सांगताना मान खाली जाते. माझे काही नेम आहेत. पहाटे उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही. कुणाबद्दल वाईट बोलत नाही. खोटं बोलत नाही. रोज एक पान स्तोत्र लिहून काढते. या नेमांचा घरात कुणाला त्रास नाही. पहिल्या नेमाचा तर उलट फायदाच होतो, असं हे चारचौघांत सांगतात. इमारतीत सगळे मला ताई म्हणतात, वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. मला ते आवडत नाही असं मी म्हणायची. आवडायचं.

तर गाडी माझ्या प्रार्थनेच्या खोलीतून चार्ज करायची, आणि तीही पहाटे सहाला मी बसते तेव्हाच, ही कल्पना माझी. यंत्र असलं म्हणून काय झालं, दिवसाची पहिली शक्ती देवाच्या पायापासून मिळाली तर वाईट काय, असं मी जिन्यात बायकांना सांगितलं. हळू आवाजात सांगितलं. हळू आवाजात सांगितलेली गोष्ट लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात, हे मला फार लवकर कळलेलं आहे.

वायर गॅलरीतून सुटून तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीसमोरून जायची. काकू एकट्या राहतात आणि शिवणकाम करतात. अख्ख्या इमारतीचे पडदे, गणवेश, उसवलेल्या पँटी त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "ताई, ही वायर माझ्या खिडकीवरून चालली आहे की माझी खिडकी तुमच्या वायरीखाली आली आहे?" माझं मौन. मी वरून हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्या वायरीवर इस्त्री केलेले दोन शर्ट हँगरला लटकत होते. हे खाली गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, तेवढंच भाडं."

महिना-दीड महिना असं चाललं. पण सकाळी सहाला लावलेली गाडी दुपारी तीनला अर्धीच भरायची आणि सॉकेट तापायचं. हे दर अर्ध्या तासाने येऊन त्याच्यावर तळवा ठेवून बघायचे, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. शेवटी एकदा जळका वास आला, आणि भिंतीवर बसवायचा खराखुरा चार्जर घ्यायचं ठरलं.

ठरल्याची बातमी फुटायला संध्याकाळही लागली नाही. तिसऱ्या मजल्यावरचे तज्ज्ञ खाली आले. त्यांना तज्ज्ञ हे नाव आम्हीच दिलेलं. त्यांच्याकडे गाडी नाही, स्कूटर नाही, सायकलही नाही, त्यामुळे वाहनांविषयीचं त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असतं.

"तीन किलोवॅटचा मुळीच घेऊ नका, पस्तावाल," ते म्हणाले.

"मग सातचा घेतो," हे म्हणाले.

"सातचा घेतलात तर घराचा मंजूर लोड पुरायचा नाही. वाढवून घ्यावा लागेल."

"म्हणजे तीनचाच बरा?"

"मी कुठे असं म्हटलं?"

धाकट्या दिरांनी फोनवर सांगितलं, "दादा, अकराचाच घे. पुढचा विचार कर." अकराच्या चार्जरला आमच्याकडे नसलेलं तीन फेजचं कनेक्शन लागतं, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग आता ते घेऊन ठेव, पुढचा विचार म्हणजे तोच." यांनी आठ दिवस वहीत रकाने पाडले. वॅट, अँपिअर, गळती झाली की आपोआप बंद होणारी कळ, मोबाइलवरून चालू होतो का, हमी किती वर्षांची. आणि शेवटी सात किलोवॅटचा एक चार्जर घेतला तो एवढ्यासाठी की त्याच्या वायरीची लांबी खोक्यावर छापलेली होती आणि ती दुकानात उलगडून मोजली तर बरोबर भरली.

मग वीज कार्यालय. लोड वाढवायच्या खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी अर्जाचा नमुना सरकवला. "लोडचं पत्रक, वायरमनचा दाखला आणि इमारतीतल्या सगळ्यांचं ना-हरकत पत्र."

"सगळ्यांचं?"

"मीटर एकाच पेटीत आहेत ना? मग सगळ्यांचं."

"आणि एखाद्याची हरकत असली तर?"

"तर ते ना-हरकत कसं होईल?"

बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती. आम्ही परत आलो आणि सेक्रेटरींना सभा बोलवायला सांगितली.

आमची आठ बिऱ्हाडं. रविवारी दुपारी आवारात खुर्च्या टाकून सभा भरली. सेक्रेटरी पेशाने दातांचे डॉक्टर, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला सगळेच जरा बिचकतात. ते म्हणाले, "चार्जरचं नंतर बघू. आधी एक गंभीर विषय. जिन्याच्या मीटरचं बिल या वेळी चौपट आलंय. जिन्यात दिवे सहा. हे बिल सहा दिव्यांचं नाही, पिठाच्या गिरणीचं आहे. जिन्याच्या लाइनवर कुणीतरी बसलंय."

मीटरची पेटी काकूंच्या दाराशेजारी. तिची किल्लीही काकूंकडेच, कारण कित्येक वर्षं जिन्याचे दिवे संध्याकाळी लावायचं आणि सकाळी मालवायचं काम त्याच करत होत्या, आपखुशीने. शिवाय त्यांच्याकडे विजेवरचं मशीन आणि दिवसभर तापलेली इस्त्री. सगळे फक्त काकूंच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या इस्त्रीकडे बघायला लागले.

"माझं मीटर वेगळं आहे," काकू म्हणाल्या. "या, बघा."

"तसं कुणीच म्हणत नाहीये, काकू," सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे तसंच म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मला काहीही वाटत नव्हतं. 'मला माहीत नाही' असं म्हणायचं, संपलं. दुपारची वेळ, मौनही नव्हतं. पण सगळी इमारत माझ्याकडे बघत होती, आणि अशा वेळी एवढं साधं उत्तर देणं मला माझ्याच मानाने कमी वाटलं असावं. मी डोळे खाली केले, हात छातीशी नेला आणि म्हणाले, "मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. देव बघतोय."

तज्ज्ञांनी सुस्कारा सोडला. सेक्रेटरी म्हणाले, "समजलं, ताई."

काय समजलं ते मला त्या क्षणी समजलं नाही, असं मी स्वतःला पुढे कित्येक दिवस सांगितलं. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं, कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि आत जाऊन दार लावलं. मग ना-हरकत पत्रावर भराभर सह्या झाल्या. काकूंची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापले कपडे परत न्यायला लागले. तज्ज्ञांनी एका पायाची शिवण झालेली पँट तशीच नेली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी पडद्यांचं कापड नेलं. मला काकूंची दया आली. मी त्या सकाळी त्यांना सद्बुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना केली. हे लिहिताना हात थांबतो, पण केली हे खरं आहे.

मंगळवारी सकाळी आठ वाजता वायरमन आला. हे क्लिपा आणायला बाहेर गेले होते. वायरमन आधी सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन खाली मीटरच्या पेटीशी गेला. नव्या कळीला जागा आहे का ते बघायला त्याने जिन्याचा मेन स्विच खाली ओढला.

माझ्या समोरचा देवाचा दिवा विझला.

स्वयंपाकघरातला पंखा फिरत होता. फ्रिज घुरघुरत होता. विझला तो फक्त देवाचा दिवा. पाच मिनिटांनी तो पेटला आणि परत विझला, परत पेटला. मग वायरमन कानावरची पेन्सिल हातात घेऊन वर आला. त्याने सॉकेटला टेस्टर लावला, भिंतीवर तीन ठिकाणी टकटक केलं, दार उघडून जिन्याच्या बाजूने भिंत बघितली आणि परत आला.

"ताई, ही खोली कुणी वायर केली होती?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. आठ वाजून वीस मिनिटं.

"बोलायचं नसतं का तुमचं? बरं, मीच सांगतो. ज्या कुणी केली त्याने तुमच्या बोर्डापासून लाइन ओढायचा कंटाळा केला. भिंतीपलीकडून जिन्याची मेन लाइन जात होती, तिथूनच भोक पाडून घेतली. दिवा, हीटर, सगळं जिन्याच्या मीटरवर. एवढी वर्षं कळलं नाही. आणि त्याच सॉकेटला तुम्ही गाडी लावलीत." तो हसला. "तुमच्या गाडीला जिना जेवू घालतोय, ताई."

मी दिव्यापुढे हात जोडले.

तो दाराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "घाबरू नका. कुणाला कळायचं नाही. मी लाइन फिरवून तुमच्या मीटरवर आणतो. दहा मिनिटांचं काम. करू?"

मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजायला चाळीस मिनिटं होती. चाळीस मिनिटांनी मला बोलता आलं असतं. त्याला दहाच लागली.

नऊ वाजले. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. हे क्लिपा घेऊन आले. "काय म्हणाला वायरमन?" मी लिहायच्या वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं, 'आजपासून आठ दिवस मौन.'

"आठ दिवस? का गं?"

मी वर बोट केलं.

"वरचं पाणी गेलं का?" हे म्हणाले आणि गच्चीवर टाकी बघायला गेले.

एखादं माणूस तोंड लपवायला चादर ओढून घेतं, तसा मी माझा सगळ्यात जुना नेम अंगावर ओढून घेतला होता. आणि इमारतीला काय वाटलं? ताईंना घडल्या प्रकाराचा इतका त्रास झाला की त्यांनी वाचाच बंद केली. तज्ज्ञ आमच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायला लागले. सेक्रेटरी सपत्नीक येऊन समोर बसून गेले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी येऊन तासभर सासूबद्दल, जावेबद्दल, नवऱ्याबद्दल बोलल्या, रडल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं हो." मग उठता उठता, "काकूंचं तुम्ही बरोबर ओळखलंत."

मी मान जोरजोरात हलवली. नाही, नाही.

"बघा, अजूनही नाहीच म्हणताय. किती मोठं मन!"

पाचव्या दिवशी मी गॅलरीत उभी होते. खाली काकूंची खिडकी उघडी होती. काकू मशीनपुढे बसल्या होत्या. मशीन चालू होतं, पण सुईखाली कापड नव्हतं. त्या तेल घालून ते रिकामंच फिरवत होत्या. जरा फिरवायच्या, थांबायच्या, कान देऊन ऐकायच्या, परत फिरवायच्या. बाजूच्या टेबलावर एकही कपडा नव्हता. मी आत आले, चप्पल घातली आणि जिना उतरले.

आवारात सेक्रेटरी एक पाटी लावत होते. 'जिन्याची वीज सर्वांची आहे.' हे त्यांना पाटीची उंची मोजून देत होते.

मी म्हणाले, "ती वीज मी घेतली."

म्हणजे म्हणायला गेले. पाच दिवस न वापरलेला आवाज, त्यात मुळात हळू. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, पाणी आणू का?"

मग मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते. "वीज मी चोरली!"

खिडक्या उघडल्या. यांच्या हातातली फीत सर्रकन आपली आपण आत गेली. मी सगळं सांगितलं. दिवा, हीटर, गाडी, वायरमन, दहा मिनिटं. सगळं ऐकून सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकलंत?" ते खिडक्यांकडे बघून म्हणाले. "दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेणारी माणसं अजून शिल्लक आहेत."

"अहो, खरंच मी."

"ताई, काकूंना वाचवायला तुम्ही खोटंसुद्धा बोलायला निघालात! तुमचा नेम मोडलात! आणि पुरावा तर समोर आहे. किल्ली काढून घेतल्यापासून जिन्याचं मीटर कसं गप्प आहे बघा."

ते गप्प होतं कारण मंगळवारी वायरमनने लाइन फिरवली होती. मी तेही सांगितलं. सेक्रेटरींनी तिथूनच वायरमनला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "कुठली लाइन? मी फक्त पाइपची जागा बघून गेलो." त्याला त्याचा परवाना जायची भीती. एवढं होऊन मी आवारात उभी, आणि माझी किंमत सकाळपेक्षा वाढलेली.

राहता राहिल्या काकू. मी त्यांचं दार वाजवलं. त्यांनी दार उघडलं, बाजूला झाल्या नाहीत.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आणि माहीतही होतं. गाडी आली त्या पहिल्याच आठवड्यापासून."

"माहीत होतं?"

"सकाळी सहाला जिन्याचा दिवा मालवायला मी पेटीशी यायची. तुम्ही वर वायर लावली की माझ्या दारावरचा दिवा मान टाकायचा आणि मीटरचा आकडा पळत सुटायचा. म्हटलं, यांना माहीत नसणार. सांगू एकदा हसत हसत. सकाळी तुम्ही बोलत नाही, दुपारी माझं काम. राहून गेलं."

"मग सभेत का नाही बोललात?"

"ताई, तुमचं नाव घेऊन? माझं कुणी ऐकलं असतं? आणि बोलणारही होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, देव बघतोय. म्हटलं, तो बघतोय तर मी कशाला मध्ये तोंड घालू."

मला त्या जिन्यातल्या जिन्यात विरघळून जावंसं वाटलं. मी म्हणाले, "काकू, मी चुकले."

"मला सांगून काय उपयोग? मला आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सांगितलं. विश्वासच बसत नाही कुणाचा."

"बसवा," काकू म्हणाल्या. "माझ्याबद्दल बसवलात तसा."

आणि दार लावलं.

मी तशीच वायरमनच्या दुकानात गेले. म्हणाले, "जसं होतं तसं परत करून द्या."

"काय?"

"जिन्याच्या मीटरवर. होतं तसं."

"ताई, बावीस वर्षं काम करतोय. चोरीची लाइन परत जोडून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी नाही बुवा."

"बरं. मग मी इथे पायरीवर मौनात बसते. लोक विचारतील काय झालं, तर तुम्ही सांगा."

मी पायरीवर बसले. त्याने बाहेर बघितलं. दोन बायका आधीच थांबून हात जोडत होत्या. तो पिशवी घेऊन निघाला. वाटेत फक्त एवढंच म्हणाला, "उद्याचा दिवसच हं. परवा मी काढणार."

रविवारी सकाळी साडेआठला मी आठही बिऱ्हाडांना जिन्यात उभं केलं. साडेआठला मी बोलते आहे हे बघूनच अर्धे लोक घाबरले होते. सेक्रेटरींना मीटरच्या पेटीशी उभं केलं, तज्ज्ञांना माझ्या प्रार्थनेच्या खोलीत, कारण त्यांना वर पाठवलं की खाली जरा शांतता राहते. सेक्रेटरींनी जिन्याचा मेन ओढला.

वरून तज्ज्ञांचा आवाज आला, "देवाचा दिवा गेला!"

मेन वर केला. "आला!"

"आता," मी यांना म्हणाले, "गाडी लावा."

हे गाडीपाशी जाऊन मोठ्या ऐटीने वायर लावून आले. त्यांना अजून हे एखादं उद्घाटन असल्यासारखंच वाटत होतं. जिन्याचे दिवे पिवळे पडले. मीटरचा आकडा पळायला लागला. सेक्रेटरी चष्मा वर करून बघत राहिले. आकडा पळतच होता. माझी चोरी मी स्वतः उभी राहून, माणसं नेमून, सगळ्यांना दाखवत होते, आणि ती फारच व्यवस्थित चालली होती.

मग विश्वास बसला. मला वाटलं होतं थोडा वेळ लागेल. कुणीतरी निदान 'ताईंना काय कल्पना' एवढं तरी म्हणेल. पण ज्या वेगाने बसला तो मला जरा जास्तच वाटला.

"मला शंका होतीच," सेक्रेटरी म्हणाले.

"मी म्हटलंच होतं, ते सॉकेट बघून घ्या," वरून येत तज्ज्ञ म्हणाले.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "त्या दिवशी मी काय काय बोलले ते विसरा हं. आमच्या घरात तसं काही नाही." आणि ताई म्हणायचं टाळून पटकन गेल्या.

जिन्याच्या बिलाची भरपाई आम्ही त्याच दिवशी केली. ते सोपं होतं. सेक्रेटरींनी किल्ली काकूंपुढे धरली. काकूंनी लगेच घेतली नाही. "माफी मागताय की किल्ली देताय?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरींना आधी माफी मागावी लागली, आणि दातांच्या डॉक्टरांना इतका वेळ तोंड उघडं ठेवून उभं राहिलेलं आम्ही पहिल्यांदाच बघितलं. तज्ज्ञ दुपारी पँट घेऊन गेले. काकू म्हणाल्या, "ठेवा तिथे, रांगेत." रांगेत दुसरं काहीच नव्हतं. तरी पँट दहा दिवसांनी मिळाली.

ना-हरकत पत्रावर काकूंची सही राहिली होती. मी कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. पेन घेतलं आणि आपल्या नावापुढच्या चौकोनात बारीक, शिवणीसारख्या अक्षरात लिहिलं, 'हरकत होती. आता नाही.' खाली सही केली.

खिडकीमागच्या बाईंनी तो कागद उजेडात धरला. "हे काय आहे?"

"सही," हे म्हणाले.

"सही दिसली. त्याच्यावर काय लिहिलंय? हरकत आहे की नाही, एवढंच लिहायचं असतं. होती वगैरे आमच्या नमुन्यात बसत नाही. नवीन अर्ज, सगळ्यांच्या सह्या नव्याने."

हे बाहेर येऊन एका खांबाला डोकं टेकून उभे राहिले. "आठ सह्या! परत! अगं, काकूंना एवढा निबंध लिहायची काय गरज होती?"

"होती," मी म्हणाले.

नवीन नमुना घेऊन मी पहिल्यांदा काकूंकडेच गेले. त्या कुणाच्या तरी बाहीला काज करत होत्या. मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"परत सही?"

"परत."

"मग परत सांगा सगळं. पहिल्यापासून. सभेत काय म्हणालात ते धरून. सही काय वाऱ्यावर पडली आहे?"

सकाळचे आठ वाजले होते. मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले आणि गाडी आली तिथून सुरुवात केली. सॉकेट सांगितलं, सभा सांगितली, सद्बुद्धीची प्रार्थनाही सांगितली, जी त्यांना माहीत नव्हती. त्या ऐकत होत्या, टाके घालत होत्या. मी चोरीची लाइन परत जोडायला वायरमनच्या पायरीवर बसल्याचं सांगायला लागले तेव्हा त्यांची सुई थांबली. खांदे हलायला लागले. मग त्या बाही तोंडावर धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"थांबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "वायरमनचा चेहरा कसा झाला होता ते परत सांगा."

मी परत सांगितलं.